मॅडम, नुसती मान हलवा

नारायणगावच्या एका सोनोग्राफी सेंटरला मी सिस्टर आहे. लागले तेव्हा वाटलं, इथं काय घडणार? पोटावर जेल लावायचं, पुसायचं. पण राव, असले किस्से साठलेत की ऐकणारा आधी हसतो, मग गप्प होतो.

भिंतीवर मोठा बोर्ड आहे, इथं गर्भलिंगनिदान होत नाही. त्याच बोर्डाखाली बसून एका बाप्यानं डॉक्टर मॅडमना विचारलं, "मॅडम, नुसती मान हलवा. बोललं तरच गुन्हा ना?"

*

आळे गावची एक सासू सुनेला आणि दोन बॉक्स घेऊन आली. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, ही आमच्याकडची रीत. तिनं दोन्ही उघडून टेबलावर ठेवले. "तुमी काय बोलू नका. फकस्त एक उचला."

मॅडम म्हणाल्या, "मला शुगर आहे."

सासू सुनेला म्हणाली, "ऊठ गं. हितं काय कळत न्हाई."

*

लोक चेहरा वाचतात म्हणून मॅडम अजून मास्क लावतात. तरी एकजण बायकोच्या बाळंतपणानंतर भांडायला आलाच. "तुमचे डोळे हसले व्हते. मग पोरगी कशी झाली?"

*

घाटघरची एक पोर. पाचव्या महिन्यात दिसलं, बाळाची कवटीच तयार झाली नव्हती. जगणार नाही, मॅडमनी सरळ सांगितलं. कायद्यानं गर्भपात करता येतो, तेही सांगितलं. सासू म्हणाली, "देवाचं देणं हाय, ऱ्हाऊ द्या."

पोर हळूच म्हणाली, "कळा मला येणार हायत. मला इचारा की."

गर्भपात म्हणजे पाप, हे ऐकतच मी वाढले. त्या दिवशी मात्र मी त्या पोरीच्या बाजूनं होते. पण धडधाकट गर्भ, नुसता मुलीचा म्हणून? तिथं माझं डोकं फिरतं.

*

परवा एक बाई आली. चेहरा ओळखीचा. तपासणी झाल्यावर विचारलं, "मागच्या वर्षी आला होतात ना? बाळ कसंय?"

ती म्हणाली, "तवा भायेर तुमी मला पाणी दिलं व्हतं."

"चक्कर येत होती तुम्हाला."

"सासू म्हनली, सिस्टरला दया आली, म्हंजी पोरगीच हाय. दुसरीकडं नेऊन पाडलं."

ती उठून बसली, पदर सारखा केला. ओठ सुकले होते तिचे. मी ग्लास भरायला वळले.

तिनं माझा हात धरला. "सासू दारात बसलीय, ताई. आज मला पाणी देऊ नका."