खोली रिकामी आहे

श्यामकांतरावांना एका जागी बसवणं म्हणजे शिक्षाच. मोरिवलीच्या कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर होते, तिथेही यांची खुर्ची कायम रिकामी. थिएटरात त्यांच्या शेजारी बसायला नातेवाईक घाबरायचे. मध्यंतराच्या आतच हे खुनी कोण ते मोठ्याने सांगून मोकळे! नेमकं अशाच माणसाच्या नशिबी पिक्चर सांगायचं काम यावं, आता बोला.

त्यांच्या बायकोची, माईंची, नजर चार वर्षांपूर्वी काचबिंदूने पार गेली. पिक्चरचं वेड मात्र गेलं नाही. अंबरनाथ पूर्वेच्या फ्लॅटमध्ये रोज दुपारी टीव्ही लागतो. संवाद माई ऐकतात, उरलेलं श्यामकांतराव सांगतात. सुरुवातीला ते सवयीने पुढचं फोडायचे. माईंनी झापलं.

"कॅमेरा दाखवतो तेवढंच सांगा. कडी लावणारा हात दिसला, तर हात म्हणा. कुणाचा, ते नको."

हळूहळू त्यांनाही गोडी लागली. पलंगाखाली साप असला आणि नायिकेला पत्ता नसला, की माई उशी घट्ट आवळायच्या. "अहो, आपल्याला माहितीय आणि तिला नाही!" त्या आनंदाने कळवळायच्या.

संक्रांतीच्या सुमारास उल्हासनगरच्या डॉक्टरांनी श्यामकांतरावांनाही काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांना कडेचं दिसेनासं झालं होतं. गेलेलं परत येणार नव्हतं, उरलेलं टिकवायला रोज थेंब. माईंना त्यांनी काही कळू दिलं नाही. घरात डोळे ते एवढेच, तेही चाललेत हे समजलं तर ती हाय खाईल, या धास्तीने त्यांचा जीव टांगणीला लागला. पिक्चरमध्ये चारदा उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे. चारला चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात थेंब घालायचे आणि खाकरत बाहेर यायचे.

जूनमधल्या एका दुपारी रहस्यपट लागला होता.

"मुलगी आत आली. खोली रिकामी आहे," श्यामकांतराव म्हणाले.

"नीट बघा. ते व्हायोलिन ऐका कसं कण्हतंय."

"रिकामी आहे म्हटलं ना!"

टीव्हीतली मुलगी किंचाळली. श्यामकांतरावांनी मान वळवली. पडद्याच्या अगदी कडेला, कपाटाशी, एक माणूस उभा होता. पहिल्यापासून असणार.

"बंद करा तो टीव्ही," माई म्हणाल्या. त्यांनी केला तशा त्यांच्याकडे वळल्या, "थेंब घातल्यावर घसा कडू होतो ना?"

ते उठायला लागले. माईंनी चाचपडत त्यांचं मनगट पकडलं.

"अकरा वर्षं घातलेत मी ते थेंब. असंच खाकरत होते."

"कधीपासून माहितीय तुला?"

"संक्रांतीपासून. रोज वाटायचं, आज सांगतील."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्हाला वाटत होतं ना, मला माहीत नाही? त्यावरच तर उभे होतात तुम्ही. ते कसं काढून घेऊ?" माईंचा आवाज फाटला. "पण पिक्चर तीन तासांत संपतो हो. मी पाच महिने उशी धरून बसलेय."

श्यामकांतराव खाली बसले. खूप वर्षांनी त्यांना कुठे जावंसं वाटत नव्हतं. चार वाजले, तेव्हा त्यांनी थेंबांची बाटली आणून माईंच्या हातात दिली. माईंनी त्यांचं कपाळ चाचपलं, मान मागे केली आणि अंगठ्याने पापणी खाली ओढली.

"वर बघा," त्या म्हणाल्या, "आणि हलू नका."

ते हलले नाहीत.