विसर्जनापुरती गाडी

शेजारच्या शाणूभावजींना खडबडीत काही दिसलं की त्यांचा अंगठा आपोआप जिभेकडे जायचा. ओला करून तो त्या खडबडीवर फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आमच्याकडे चहाला आले की बोलता बोलता खांबाचा उडालेला गिलावा गुळगुळीत करत बसायचे. माझे सासरे वारले तेव्हा समाचाराला आले, चार माणसांत मान खाली घालून बसले, आणि उठून गेल्यावर पाहते तर त्यांच्या बाजूच्या शेणाच्या जमिनीचा पोपडा कुणी नव्याने सारवावा तसा बसवलेला. मी नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, करत असताना एकदा त्यांनी माझ्या ताटातली नेवरी उचलून तिची कड नीट केली होती. ती उष्टी नेवरी मी त्यांनाच खायला लावली. तेही हसत हसत खाऊन मोकळे झाले.

ते मूर्तिकार. गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारापासून थोडं आत, आमच्या घराला लागून त्यांची चित्रशाळा. अर्ध्या गावाच्या चवथीचे गणपती त्यांच्या हातचे. लग्न केलं नाही. थोरला भाऊ दत्तादादा आणि भावजय माई यांच्याबरोबर राहायचे. बोलणं कमी, पण एक वाक्य दिवसातून दहादा तरी यायचं. मूर्तीच्या पोटात काथ्या असो, तारा असोत नाहीतर फुटकी करवंटी, कुणी डोकावून विचारलं की म्हणायचे, "भायला आपण बघूया, भितरला देव बघतलो." माझ्या नवऱ्याला ते इतकं आवडलं की त्याने कपाट आवरायचंच सोडलं.

दत्तादादा अगदी उलट. त्यांना आतलंच दिसायचं. आयुष्यभर खाणीवर ड्रायव्हर. गाडीच्या आवाजावरून नट कुठला ढिला झालाय ते सांगायचे. खाण बंद पडली तेव्हा कंपनीने जुन्या गाड्या काढल्या, त्यातली एक पिकप त्यांनी घेतली. ती तेव्हाच म्हातारी होती. गोल नाकाची, फुगीर मडगार्डांची, खाणीची तांबडी धूळ अंगात मुरलेली. त्या गाडीतून दरवर्षी चवथीचे गणपती घरोघर जायचे. दत्तादादा रस्त्यावरच्या खड्ड्यांना ओळख दिल्यासारखे गाडी हाकत. इतक्या वर्षांत एकाही गणपतीचं बोट मोडलं नाही.

मग त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. 'आं' एवढा एकच आवाज राहिला. आनंद झाला तरी आं, भूक लागली तरी आं. गाडी त्यांच्या अंगणातल्या फणसाखाली उभी राहिली. दोन पावसाळ्यांत तिच्या तळातून गवत वर आलं. दादा घरापुढच्या बल्कांवात खुर्चीत बसून दिवसभर तिच्याकडे बघत. एकदा भंगारवाला विचारायला आला, तर त्यांनी डाव्या हातातली काठी बाजूच्या दगडी सोप्यावर अशी बडवली की तो सायकल हातात धरून पळाला.

त्या संध्याकाळी शाणूभावजी गाडीभोवती हिंडताना दिसले. अंगठा ओला होताच. मला पाहून म्हणाले, "येत्या चवथीक दादा ह्याच गाडयेत बसान गणपती हाडतलो." दादा या गाडीतून गणपती आणणार? मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. दुसऱ्या दिवशी ते गवत उपटत होते.

इंजिनाला फारसं काही झालं नव्हतं. बाजारातल्या गॅरेजमधला मारुती, कोल्हापूरकडचा, पत्र्याचं काम करणारा डेंटर, त्याने ओळखीचा मेकॅनिक आणून ते सुरू करून दिलं. अडचण अंगाची होती. मारुतीने दरवाजाच्या खालच्या कडेवर बोट दाबलं तर बोट आरपार गेलं. त्याने सरळ सांगितलं की सडलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा, नाहीतर हात लावू नका. कापायचं म्हटल्यावर भावजींचा चेहरा उतरला. "एकदा कापला काय मागीर रवता किता?" एवढंच म्हणाले.

आणि त्यांनी आपल्या पद्धतीने काम काढलं. भोकांमागे तारेची जाळी, जाळीत काथ्या, आणि वरून गाड्यांना लावतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, थरावर थर. मी रोज दळण-पाणी सोडून कुंपणाशी उभी राहायची. खोटं कशाला बोलू, तसं काम मी परत पाहिलेलं नाही. नाहीसं झालेलं मडगार्ड त्यांनी गणपतीच्या पोटासारखं गोल उभं केलं. पॉलिश पेपर फिरवायचा, मग अंगठा, पुन्हा पेपर. लांबीच्या चवीने जीभ बधिर होत असेल, पण सवय सुटेना. मारुती येऊन बघायचा, कपाळाला हात लावायचा आणि तरीही बराच वेळ बघत राहायचा.

संध्याकाळी ते दादांना धरून गाडीभोवती फिरवायचे. दादा काठीने गाडीला टोचत चालायचे. ठण, ठण, ठण, आणि मग एके ठिकाणी थप. थप झालं की दादा थांबायचे, भावाकडे बघायचे. "आं?" भावजी खूश होऊन आम्हाला सांगायचे, दादाला आवडलं. मग पुढचा ठण, पुढचा थप, पुन्हा "आं?" रंग चढत गेला तसे ठण कमी झाले आणि थप वाढले. मला वाटायचं, आजारी माणूस गाडीला आशीर्वाद देतोय. एका संध्याकाळी मारुती माझ्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "वहिनी, काका पत्रा हुडकाय लागल्यात."

ज्या माणसाला सगळं कळत होतं त्याला बोलता येत नव्हतं, आणि बोलता येत होतं त्याला काही कळत नव्हतं, असं मला वाटलं. माझा स्वभाव गप्प बसण्याचा नाही. दुसऱ्या दिवशी चित्रशाळेत जाऊन मी भावजींना सांगितलं की दादांना हे आवडलेलं नाही, ते तुम्हाला विचारतायत की लोखंड कुठे आहे. आणि हे सगळं पुढच्या पावसात गळून पडणार आहे.

भावजी मूर्तीचा कान करत होते. हात थांबला नाही.

"ता माका ठावक आसा, वयनी," ते म्हणाले. "पत्रो खंय आसा नि खंय ना, ता माझ्या बोटांक कळता. पूण डॉक्टरान माका भायर व्हरून सांगला, दुसरो झटको केन्नाय येयत म्हणान. पत्रो कापून जोडीपर्यंत आणि एक पावस जातलो. माका ही चवथ जाय. माझ्या हातातला काम विसर्जनामेरेन टिकता. ताच्यापरस चड टिकाक ता केल्लाच नसता."

दादांचा भरवसा नाही म्हणून ही एक चवथ गाठायची, काम विसर्जनापर्यंत टिकलं की झालं. मग म्हणाले, "दादाक सांगू नका." मी कशी सांगणार होते? काय सांगणार होते?

चवथीला गाडी निघाली. पांढरीशुभ्र, दारांना निळी पट्टी, नाकावर झेंडूचा हार. स्टिअरिंगवर मारुती, शेजारी धुतलेलं धोतर नेसलेले दत्तादादा, मागे हौद्यात गणपती आणि गणपतीला धरून शाणूभावजी. चित्रशाळेपासून घरापर्यंत अंतर ते कितीसं, पण त्यांनी बाजारातून वळसा घेतला. लोक दुकानांतून बाहेर आले. नवी आणली का, असं दोघांनी विचारलंसुद्धा. दादांनी डावा तळवा समोरच्या पत्र्यावर सपाट ठेवला होता, तो शेवटपर्यंत उचलला नाही. तेवढा एक भाग अस्सल लोखंडाचा होता. मागे भावजी सरळ रडत होते, आणि हात मूर्तीला असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते. मी त्या माणसाला इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, आधी शाणूभावजी गेले. चित्रशाळेत, माती मळताना, बसल्या जागी. आजारी नव्हते, औषध नव्हतं, डॉक्टरने कुणाला बाहेर नेऊन काही सांगितलं नव्हतं. ज्याच्यासाठी मुदत मोजून काम केलं तो माणूस खुर्चीत बसून होता आणि मुदत मोजणारा निघून गेला. माई रडत होत्या. दादांनी एकदाही आं केलं नाही. मला त्या दिवशी देवाचा मनापासून राग आला, आणि अजून तो पुरता गेलेला नाही.

पावसाळा सुरू झाला तसे गाडीला फोड आले. आधी मडगार्डावर, मग तळाशी. दादा बल्कांवातून बघायचे. मारुती ताडपत्री टाकून गेला, वाऱ्याने ती नेली. एका सकाळी दादांच्या बाजूच्या दरवाजाचा मोठा तुकडा निखळून चिखलात पडला. दादांनी काठी त्याच्याकडे रोखली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तो आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. वरून पांढरा, काचेसारखा. आतून काथ्या, गंजाचे पोपडे, आणि जाळीत लांबी दाबताना उमटलेले भावजींचे अंगठे, ओळीने.

दादांनी त्यावर काठीचं टोक आपटलं. थप.

"आं?"

तोच प्रश्न, आता मला. उत्तर मला ठाऊक होतं. पण तुम्ही फार जगणार नाही असं तुमच्या भावाला वाटलं होतं, हे जिवंत माणसाच्या तोंडावर कसं सांगायचं? मी भावजींचंच वाक्य पुढे केलं. म्हटलं, "दादा, भायला आपण बघूया, भितरला देव बघतलो." ते ऐकून त्यांचं तोंड वाकडं झालं. हसले की रडले, त्या अर्ध्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही.

मग त्यांनी तुकडा डाव्या हाताने माझ्याकडे ढकलला आणि काठीने गाडी दाखवली. परत लाव.

मी म्हटलं, दादा, आता हे राहणार नाही. काठी खाली येईना. मी पावसात गेले. दरवाजाच्या भोकावर तो तुकडा बसवला, अगदी बरोबर बसला, आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. माई छत्री घेऊन धावत आल्या, चला आत म्हणाल्या. मी मान हलवली. हात काढला की तो पडणार हे मला ठाऊक होतं, आणि बल्कांवात बसलेल्या त्या लोखंडाच्या माणसालाही ठाऊक होतं. ते बघत होते तोवर मी तशीच उभी राहिले.