कसंबाई

बरोबर उत्तर देणाऱ्या मुलालाही त्या सोडत नसत. ‘‘कसं?’’ एवढंच विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत खडू हातात धरून उभ्या राहत. म्हणून तेर गावच्या शाळेत त्यांना सगळे कसंबाई म्हणत.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. पुण्याच्या आमच्या कंपनीनं आणि तिथल्या सहकारी साखर कारखान्यानं मिळून शाळेला दोन कॉम्प्युटर दिले होते. चौथीच्या गणिताचा आणि विज्ञानाचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. तीन उत्तरं चुकली की तो मुलाला खालच्या इयत्तेच्या धड्यावर पाठवायचा. महिनाभरात निम्मा वर्ग दुसरीच्या धड्यांवर जाऊन बसला. ‘मुलांना भागाकार येत नाही, प्रयोग थांबवावा’ असा अहवाल मी तयार केला. त्यावर बाईंची सही हवी होती.

बाईंनी तो दोनदा वाचला. ‘‘सही करते. पण आधी तुमी सखूजवळ बसा.’’

सखू चौथीतली. तिचं शेवटचं चुकलेलं गणित असं होतं : टाकीत शंभर घागरी पाणी आहे, रोज दहा लागतात, तर किती दिवस पुरेल? तिनं नऊ लिहिलं होतं.

‘‘नऊ कसं गं?’’ मी विचारलं.

‘‘खालच्या धा घागरी गाळाच्या असत्यात. ते पाणी म्हशीला. आपल्याला प्याया येत न्हाय,’’ ती म्हणाली.

त्या वर्षी गावात टँकर येत होता. मी टाकीचा तळ कधी पाहिलाच नव्हता. दुपारभर एकेका मुलाजवळ बसले. बहुतेकांना भागाकार येत होता. गणितातलं पाणी, बैल, एसटी हे मात्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

अहवाल तयार असल्याचं मी आधीच पुण्याला कळवलं होतं. आठवड्यानं कंपनीचे साहेब प्रयोग बंद करायलाच आले. बाईंनी त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवून तेच गणित घातलं. साहेबांनी दहा लिहिलं. मशीननं ‘शाबास’ म्हटलं. मग बाईंनी सखूला उभं केलं आणि तिनं गाळाचं सांगितलं. साहेबांनी पडद्यावरचं गणित पुन्हा वाचलं. मग मला म्हणाले, ‘‘अहवाल फाडा. गणितं इथं बसून, बाईंना विचारून पुन्हा लिहा.’’

ते गेल्यावर बाई व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. मी पाणी आणून दिलं.

‘‘लई भ्याले होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मशीन गेलं असतं तर जाऊ दे. पण ढ म्हणून लिहिलेलं कागदावरनं पुसत न्हाय, बघा.’’

मी अजून चार महिने तिथं राहिले. त्यानंतर कितीतरी ठिकाणी प्रोग्रॅम बसवले, पण मुलांबरोबर आठवडाभर हिंडल्याशिवाय एकही गणित लिहिलं नाही.

निघाले त्या दिवशी बाई थांब्यापर्यंत आल्या. एसटी दिसताच म्हणाल्या, ‘‘बसा आता. चौथीची पोरं मशीनपुढं खोळंबलीत.’’ आणि गाडी सुटायच्या आधीच पदर खोचून भराभर शाळेकडं निघाल्या.