काळी न पडलेली चिंधी

फिलिपिन्समधल्या बोहोलसमोरच्या आमच्या लहानशा बेटावर जो कुणी बुडी मारून मासे धरायचा, त्याचा चेहरा सालोमेच्या बोटांना पाठ असायचा. ती लाकडी चष्मे बनवायची. बापाचाच धंदा तिनं पुढे चालवला होता. गिऱ्हाईक बाकड्यावर बसलं की त्याच्या डोळ्यांभोवती मऊ मेण दाबून ठसा घ्यायची, त्या मापानं लाकूड कोरायची, खिडकीच्या काचेचे दोन गोल तुकडे घासून त्यात बसवायची आणि फटी डिंकानं बुजवायची. थेंबभर पाणी आत आलं तरी चष्मा फुकट. उघड्या डोळ्यांना पाण्याखाली सगळं धुरकट दिसतं; डोळा आणि पाणी यांच्यामध्ये हवा राहिली तरच स्पष्ट दिसतं. काचेतून मासा आहे त्याहून जवळ आणि मोठा दिसतो, म्हणून नवी पोरं त्याच्या अलीकडेच मूठ मिटायची आणि वर येऊन तिच्या चष्म्याला नावं ठेवायची. ती शांतपणे म्हणायची, "चष्मा बरोबर आहे. आईला जाऊन विचार, हात एवढे आखूड का दिले."

प्रत्येक चष्म्याबरोबर ती एक लाल चिंधी द्यायची, मनगटाला बांधायला. हा तिच्या बापाचा नियम. उन्हातला लाल रंग पाणी सगळ्यात आधी गिळतं. खोल जावं तशी चिंधी मळकट होत जाते, मग काळी. काळी दिसली की वर यायचं. सालोमे स्वतः कधी कमरेएवढ्या पाण्यापलीकडे गेली नव्हती. तिला पोहताच येत नव्हतं. बापानं सांगितलं ते तिनं खरं मानलं, आणि आमचे पुरुष तिचं खरं मानत.

तिचा धाकटा भाऊ नोनिलो. त्याच्या जन्मावेळीच आई गेली, तेव्हापासून सालोमेनंच त्याला वाढवलं. तो तिला मनांग म्हणायचा, म्हणजे थोरली बहीण, पण ताप आला की आईसारखा तिच्याच कुशीत शिरायचा. मोठा झाल्यावर तो खडकांच्या कपारींत लपणारी शेवंडं धरू लागला. टायरात हवा भरायचं यंत्र होडीत ठेवायचं आणि त्याची लांब नळी तोंडात धरून खाली उतरायचं, अशी ही बुडी. पलीकडच्या बेटावरच्या लुझमिंदाशी त्याचं लग्न ठरलं होतं. शेवंडांचा हंगाम संपला की चर्चमध्ये तारीख धरायची होती.

एका सकाळी तो हसतच वर आला. हातात दोन मोठी शेवंडं होती. होडीत बसल्यावर म्हणाला, पायांना मुंग्या आल्यात. किनारा येईपर्यंत मुंग्याही गेल्या आणि पायही गेले. जुन्या बुडीवाल्यांनी त्याला धरून पुन्हा पाण्याखाली नेऊन बघितलं. काही उपयोग झाला नाही. सेबू शहरातल्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, फार खोल आणि फार वेळ राहून एकदम वर आला, रक्तात बुडबुडे झाले, पाठीचा कणा अधू झाला.

सालोमेला हे पटेना. घरी आणल्यावर तिनं त्याला विचारलंच, चिंधीकडे बघितलं नव्हतंस का?

"मनांग, चिंधी लालच होती."

"खोटं बोलू नकोस."

"तुझी शपथ. कपारीत बघायला दिवा होता ना माझ्या हातात. सारखा मनगटाकडे बघत होतो. शेवटपर्यंत लाल."

तिला समजायला वेळ लागला. ऊन वरून एवढं पाणी ओलांडून येतं, तोवर त्यातला लाल रंग संपतो. हातातल्या दिव्याचा उजेड मनगटापर्यंत वीतभरच जातो. एवढ्याशा अंतरात पाणी त्यातलं लाल काय गिळणार? तिच्या बापाच्या काळी पाण्यात चालणारे दिवे नव्हते. कपारीमागून कपार बघत नोनिलो उतारानं खाली खाली गेला होता, आणि लाल रंग त्याला सांगत होता, अजून चालेल.

त्याच आठवड्यात ती घरोघरी फिरली आणि दिलेल्या सगळ्या चिंध्या परत मागून घेतल्या. कुणी हसलं, कुणी समजूत घातली. त्यानंतर तिनं चष्मा केला नाही. केळी उकडून धक्क्यावर माझ्या शेजारी बसून विकू लागली.

लुझमिंदा सुरुवातीला रोज यायची. मग सेबूला कामाला गेली आणि यायची थांबली. सालोमे मला म्हणायची, पाय गेले तशी ही पण गेली. नोनिलो भिंतीकडे तोंड फिरवायचा. काही वर्षं तो तसाच अंथरुणावर होता. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, आणि एका उन्हाळ्यात तापानं तो गेला.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आम्ही सगळे मेणबत्त्या आणि गोड चिकट भात घेऊन दफनभूमीत बसलो होतो. फाटकापाशी लुझमिंदा उभी दिसली. सालोमे तिला ऐकू जाईल असं मला म्हणाली, "बघ, आता ओझं नाही म्हटल्यावर आली."

लुझमिंदा जवळ आली, पण बसली नाही.

"मनांग, दिवा मी दिला होता त्याला," ती म्हणाली. "कपारीत दिसत नाही म्हणायचा, म्हणून बोहोलहून आणला. तुम्हाला त्यानं सांगितलं नाही?"

"नाही."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुमच्यासमोर यायचं धाडस झालं नाही."

सालोमे थडग्यावरचं मेण नखानं खरवडू लागली. मग म्हणाली, "तुझं नाव काढलं की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. मला वाटायचं, रागानं."

ती चटईवर थोडी सरकली. लुझमिंदा बसली. मेणबत्त्या विझेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. उठलो तेव्हा शेवटची बोट निघून गेली होती, म्हणून लुझमिंदा सालोमेकडेच राहिली, नोनिलोच्या खाटेवर. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर सालोमेनं मला सांगितलं, "पोरगी रात्रभर रडत होती. मी जागी आहे हे तिला कळू दिलं नाही."