खालून निरोप नाही

टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये पंखा असतो, आरसा असतो, खालच्या माणसाशी बोलायला वॉकीटॉकी असतो. संडास तेवढा नसतो. केबिनचा नकाशा काढणाऱ्याला बहुधा कधी लागत नसावी. म्हणून वर चढणारा प्रत्येक जण एक रिकामी बाटली सोबत नेतो आणि तिच्याविषयी कुठे बोलत नाही.

या गोष्टीतल्या क्रेनवाल्याला मात्र बाटली क्वचितच लागे. सकाळी शिडी चढला की जेवणाच्या सुट्टीलाच उतरायचा, आणि उतरल्यावरही घाई नाही. आधी हातमोजे झटकणार, दोन शब्द बोलणार, मग सावकाश आडोशाला जाणार. साइटवर त्याचं नाव टाकी पडलं होतं आणि ते त्याला आवडायचं. माणसाला कशाचा अभिमान वाटेल याला काही धरबंध नसतो.

दुखणं एकच, कमरेचं. वाकून खाली बघण्यात उमर गेली होती. मणक्याची गादी सरकली आहे, असं एका डॉक्टरने पूर्वी सांगितलं होतं, आणि कमरेतून निघालेली कळ एका पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. त्या आठवड्यात ती दोन्ही पायांत उतरली आणि मग चक्क ओसरली. बसायची जागा तेवढी बधिर वाटायची, दात काढून आल्यावर ओठ वाटतो तशी. त्याने ते सुधारणेत धरलं. दुसरी सुधारणा म्हणजे दिवसभरात लघवी लागलीच नाही. हे मुकादमाच्या कानावर घातलं तेव्हा तो म्हणाला, "टाकीला आता झाकणही बसलं." सगळे हसले. हाही हसला.

दुसऱ्या दिवशी सळयांचा भारा हुकला लटकत असताना त्याचा हात सीटवर पडला आणि ओला झाला. पहिला संशय बाटलीवर. बाटली कोपऱ्यात उभी होती, झाकण घट्ट, आतून कोरडी ठणठणीत. मग त्याने पॅन्ट चाचपली. ती भिजून गार झाली होती, म्हणजे हे आत्ताचं नव्हतं. आपण ओल्यात बसलोय हे त्याला हातामुळे कळलं, बुडाला त्याची खबर नव्हती. त्याने मांडीच्या आतल्या बाजूला जोरात चिमटा काढला. तो काढणाऱ्या बोटांना जाणवला. ज्या मांडीला काढला, तिला पत्ता नाही.

इतकी वर्षं त्या उंचीवर बसून जी भीती वाटली नव्हती ती तेव्हा वाटली, आणि ती पडण्याची नव्हती. मुकादम वॉकीटॉकीवर विचारत होता की भारा मध्येच का थांबला. याने भारा अलगद खाली ठेवला, पोट बिघडल्याचं सांगितलं आणि शिडी उतरू लागला. पाय पायरीवर टेकला की नाही, हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघावं लागत होतं.

बायको बालवाडीत मदतनीस. कुणाला लागली आहे हे चेहऱ्यावरून ओळखण्यात तिचा दिवस जातो. चुळबुळ करणाऱ्या पोराची तिला काळजी नसते. भिजूनही खेळत राहतं त्याची असते. ती घरी आली तेव्हा नवरा कपडे बदलून खुर्चीवर वर्तमानपत्र घालून बसला होता, आणि वर्तमानपत्र भिजलं होतं.

"शेवटची कधी झाली?"

"काल सकाळी असेल. अगं, लागतच नाही. तेच तर बरं झालंय."

तिने त्याच्या बेंबीखाली हात ठेवला. पोट कलिंगडासारखं टणक लागलं. तिने दाबून विचारलं, दुखतंय का. तो नाही म्हणाला. ते 'नाही' ऐकून तिने पर्स उचलली. उद्या बघू, असं तो म्हणत राहिला, पण तोवर ती गाडी बोलावत होती. "आमच्याकडची पोरं निदान रडतात तरी," एवढंच म्हणाली.

इस्पितळात नळी घातली तेव्हा पिशवी भरली आणि दुसरी आणावी लागली. नळी जाताना त्याला काहीच कळलं नाही. तो सिस्टरला सळयांचं वजन समजावत होता.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढी भरलेली असताना तुम्ही ओरडायला हवं होतं."

सवय आहे, असं तो ओशाळून म्हणाला. बाईंनी मान हलवली. मणक्यात खाली नसांचा जुडगा असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. भरली, हा निरोप त्यातूनच वर जातो. सोड, हा हुकूम त्यातूनच खाली येतो. आणि बसायच्या जागेची जाणीवही तिथलीच. सरकलेल्या गादीने तो जुडगा चेपला होता. ऑपरेशन आजच. बायकोने विचारलं, सगळं परत येईल ना? काहींचं येतं, काहींचं अर्धं येतं, काहींना नळी कायमची राहते, असं बाईंनी सरळ सांगितलं.

क्रेनवरचा पहिला धडा असा: वॉकीटॉकीवरचा आवाज बंद पडला की हात जागच्या जागी थांबवायचे. खालून निरोप नाही याचा अर्थ खाली सगळं ठीक आहे, असा कधीही घ्यायचा नाही. हा धडा त्याने नव्या माणसांना स्वतः शिकवला होता. स्वतःच्या खालून निरोप बंद झाला तेव्हा मात्र तो खूश झाला होता.

ऑपरेशननंतर सिस्टर रोज नळीला हलका हिसका द्यायची आणि विचारायची, काही कळतंय का. तो तिच्या चेहऱ्यावर उत्तर शोधायचा. एकदा घाबरून घाईघाईने हो म्हणाला. "अजून ओढली कुठे मी?" सिस्टर म्हणाली. त्यानंतर त्याने खोटं बोलणं सोडलं, आणि रोजचं 'नाही' आदल्या दिवशीच्या 'नाही'पेक्षा हळू निघू लागलं. मुकादम भेटायला आला, सवयीने टाकी म्हणून हाक मारून बसला आणि मग बराच वेळ मान खाली घालून संत्रं सोलत राहिला.

एका दुपारी बायको टॉवेलची घडी घालत असताना तो बोलता बोलता थांबला.

"दुखतंय," तो म्हणाला.

"कुठे?"

"खाली. जळजळतंय. डाव्या बाजूला."

तिने ते त्याला पुन्हा म्हणायला लावलं. डॉक्टरीणबाईंनी येऊन तपासलं. कदाचित नस जागी होत असेल, कदाचित नळीमुळे जंतुसंसर्ग झाला असेल. लघवी तपासायला पाठवू, असं त्या म्हणाल्या. दोन्हीपैकी काहीही असलं तरी निरोप वर पोचला होता. पुढे किती पोचतील, हे त्यांनी आजही सांगितलं नाही.

सिस्टरने दुखणं थांबवायची गोळी आणून दिली. ती त्याने मुठीत धरून ठेवली.

"घ्या ना, अहो."

"राहू दे थोडा वेळ. थांबलं, तर गोळीने थांबलं की पुन्हा बधिर झालं, हे मला कसं कळणार?"

बायकोने घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. मधूनच ती विचारायची, आहे का? तो डोळे मिटून आत कान लावायचा, आणि तेवढा वेळ तिचे हात जागच्या जागी थांबायचे.

"आहे," तो म्हणायचा.