चार नंबरची प्रेस

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी बावीस वर्षं काढली, त्याच्या गेटवर एक पाटी आहे. जिवाला धोका वाटला तर काम नाकारायचा कामगाराला हक्क आहे, असं तिच्यावर ठळक लिहिलंय. अक्षर माझंच. वळणदार आहे म्हणून साहेबांनी ते काम मला दिलं होतं, आणि मीही फुशारून दोन हात रंगाचे मारले होते.

तो हक्क मी एकदाच वापरला. माझ्या चार नंबरच्या प्रेसचा क्लच बिघडला होता. पेडलवरून पाय काढला तरी कधीकधी एक ठोका जास्तीचा पडायचा. नेमका पत्रा उचलताना पडला, तर बोटं गेलीच. दोनदा तोंडी सांगितलं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी कायद्याचा दाखला देऊन अर्ज लिहिला आणि स्टुलावरून उठलो. सुपरवायझरने अर्ज वाचला आणि शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. तुम्ही पाच नंबरवर बसा."

एवढ्या सहज? मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

अर्ध्या तासात चार नंबरवर ठेकेदाराचा माणूस आणून बसवला. सुरगाण्याकडचा, माझ्याच वयाचा. भातकापणी उरकली की दरवर्षी यायचा. डब्यातली नागलीची भाकरी अर्धी मोडून मला द्यायचा आणि माझ्या बायकोच्या हातच्या भाजीची तारीफ करायचा. त्याने आधी प्रेसकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दादा, तुम्ही का उठलात? मशीन नीट हाय ना?"

सुपरवायझर शेजारीच उभा होता. माझा अर्ज नुकताच मंजूर झाला होता आणि मला आणखी वाईटपणा घ्यायचा नव्हता.

"बघून काम कर," मी म्हणालो.

जेवणाच्या सुट्टीआधीच तो जास्तीचा ठोका पडला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशी झाली. ठेकेदाराच्या कागदावर तो झाडूवाला निघाला. झाडूवाल्याने प्रेसला हात लावलाच कशाला, म्हणून चूक त्याचीच ठरली. माझा अर्ज मात्र फाइलला लागला, इथे कामगारांचे हक्क पाळले जातात याचा पुरावा म्हणून. पुढच्या सुरक्षा सप्ताहात मला शाल-श्रीफळ मिळालं. तेही नाकारता आलं असतं, त्याला कुठला कायदा लागत नव्हता. मी वाकून घेतलं.

चार नंबरचा क्लच बदलला. आता सात नंबरची तसंच करते आणि तिच्यावर मी बसतो. अर्ज लिहीत नाही. लिहिला तर माझ्या जागी कुणाला बसवतील, हे मला ठाऊक आहे. म्हणजे मी फार थोर झालो असं नाही, नुसता रोज घाबरतो.

गेल्या दिवाळीनंतर तो गेटवर आला होता, काम मिळतं का बघायला. वॉचमनने आत सोडलं नाही. मी त्याला समोरच्या टपरीवर चहा पाजला. ग्लास त्याने डाव्या हातात धरला होता. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

चहा संपल्यावर त्याने पाटीकडे मान केली. त्याला वाचता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"दादा, तिथं काय लिवलंय?"

"कंपनीचं नाव," मी म्हणालो.