कावळा शिवला तेव्हा मी काय बोललो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. वडील गेले, त्यांनाही नाही. काकी होती तोवर तोंड उघडलं नाही आणि ती गेल्यावर लिहायला बसलोय. म्हणजे ही हिंमत नव्हेच. समोर विचारणारं कोणी उरलं नाही की माणसाला असा कंठ फुटतो.

मी विचुंब्याचा. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता तळोज्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर सुपरवायझर आहे. शिफ्ट सुटली की कामगारांचे खिसे आणि डबे तपासायचे, हे माझं काम. माझे खिसे कोणी तपासत नाही. युनिफॉर्मचं एवढं एक सुख असतं.

आमच्या आळीच्या तोंडाशी एक कमान आहे. तिच्यावर माझ्या चुलतभावाचं नाव आहे, जगन. खाली लिहिलंय, ‘शत्रूने पेरलेल्या सुरुंगाच्या स्फोटात वीरमरण.’ उद्घाटनाच्या बॅनरवर पुढाऱ्याचा फोटो जगनच्या तिप्पट मोठा होता; सुरुंगावर पाय बहुधा त्यांचाच पडला असावा. मला शाल मिळाली, नारळ मिळाला, दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. मी घसा बसल्याचं सांगितलं. कारण त्या कमानीवरचं वाक्य माझं आहे. म्हणजे, अक्षर पेंटरचं — माहिती मी पुरवलेली.

पण हे मी पुढचं आधी सांगतोय. अशी सवय लागते, मूळ गोष्ट टाळायची असली की.

दोन हजार एकच्या शेवटचा तो हिवाळा. सीमेवर दोन्हीकडे फौजा उभ्या. लढाई आज होईल, उद्या होईल — झालीच नाही. पण लढाई झाली नाही म्हणून माणसं मरायची राहत नाहीत. जगन आणि मी एकाच तुकडीत होतो. तो गेला, आणि पेटीबरोबर मला पाठवलं. नातेवाईक आहे, घरच्यांना नीट सांगेल, असा त्यात विचार होता.

काकी म्हणजे जगनची आई. नवरा लवकर गेलेला, हा एकुलता एक. ही बाई बाजारात मासा घेताना कल्ले उघडून बघायची, विकणारी ओळखीची असली तरी. ‘वलख हाय म्हनून मावरा ताजा होत नाय,’ असं तोंडावर सांगायची. त्याच नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. रडायच्या आधी पाहिलं.

“कसा झाला?”

“सुरुंग.”

“कोनाचा?”

वाटभर मी उत्तरं घोकत आलो होतो. त्रास झाला का — नाही. शेवटी कोणाचं नाव घेतलं — तुझं. पण सुरुंग कोणाचा, हे कोणी विचारेल असं डोक्यातच आलं नव्हतं.

“पलीकडच्यांचा,” मी म्हणालो.

आईच्या समाधानासाठी एवढं कोणीही बोललं असतं, असं तुम्हाला वाटेल. मीही स्वतःला तसंच समजावलं. पण ते समाधान कोणाचं होतं?

दहाव्याला गाढी नदीच्या काठी माझ्या वडिलांनी पिंड ठेवले. कावळा समोरच्या बाभळीवर बसलेला, पण खाली येईना. मग सुरू झालं, गेलेल्या माणसाची जी काही इच्छा राहिली असेल ती पुरी करण्याचं वचन. वडील म्हणाले, “जगन्या, आयेला आमी बगू.” मामा म्हणाला, “घराचा स्लॅब टाकू रं.” क्रिकेटवाल्या पोरांनी त्याच्या नावाने टूर्नामेंट भरवायचं कबूल केलं. कावळा ढिम्म. ऊन चढलं. मागून कोणीतरी पुटपुटलं, “त्याला भात नको, सुका जवला पायजे आसंल.” कोणी हसलं नाही, पण तेवढा वेळ सगळ्यांना बरं वाटलं.

मग काकी म्हणाली, “रम्या, तू बोल. तू व्हतास त्याच्याजवल.”

मी पुढे गेलो. पिंडांसमोर वाकलो, कोणाला ऐकू जाणार नाही असं बोललो. आणि मागे फिरतोय तोच कावळा उतरला.

“काय सांगतलास त्याला?” घरी आल्यावर काकीने विचारलं.

“काकीला सांभाळीन म्हटलं.”

“ता तं सगल्यांनी सांगतला.” ती थांबली. “मंग तो तुलाच कसा आयकला?”

बरोबरच होतं तिचं. सगळ्यांनी एकच वचन दिलं आणि कावळा एकाच्याच बोलण्याला आला, तर तो एक काहीतरी वेगळं बोलला असणार. फौजेतल्या कुठल्याही चौकशीत मला इतक्या सरळ कोणी धरलं नव्हतं. मी पाय धुवायला उठलो. तिने नोंद घेतली — मला दिसली ती घेताना.

आता सांगतो.

सुरुंग आमचाच होता. आम्हीच पेरत होतो, ओळीने. एकेक पुरायचा, सज्ज करायचा, त्याची सुरक्षेची पिन काढून घ्यायची; पिन असेतो तो फुटत नाही. काम संपलं की सगळ्यांच्या पिना एकत्र मोजायच्या. एक कमी भरली तर एखादा सुरुंग पिनेसकट तसाच राहिला असं समजायचं आणि ज्याची चूक त्याने परत जाऊन बघायचं. त्या सकाळी एक कमी भरली. हवालदाराने एकेकाला विचारलं. मी म्हणालो, “माझ्या पुऱ्या आहेत.” खिसे चाचपले नाहीत, काही नाही. मला माझी खात्री होती — माझी मला नेहमीच खात्री असायची. तुकडीत पुस्तकं वाचणारा मी एकटा, चूक दुसऱ्याची असणार. जगन म्हणाला, “माझीच राहिली असंल, बगून येतो.” लहानपणी चेंडू खाडीत कोणीही मारला तरी शोधायला चिखलात हाच उतरायचा.

तो आपल्या ओळीत परत गेला. त्याच्या ओळीत काहीच चुकलेलं नव्हतं; प्रत्येक सुरुंग सज्ज होता, त्यातल्याच एकावर त्याचा पाय पडला.

दुपारी जर्सी काढली. बाहीच्या दुमडीत, लोकरीत अडकलेली पिन. बोटं थंडीने बधिर झाली होती तेव्हा तिथे खोचली असणार. मी ती मुठीत धरली आणि हवालदाराकडे गेलो नाही.

आणि पिंडांसमोर मी काय बोललो? खरं बोलणार होतो. ओठांपर्यंत आलं होतं. मी म्हणालो, “जगन, मी कोणाला सांगणार नाही.” जणू चूक त्याची होती आणि मी ती पोटात घालत होतो. त्यावर कावळा आला. कावळ्या-बिवळ्यावर माझा विश्वास नाही. त्या दिवशी सोयीचा होता म्हणून ठेवला.

पुढे दर पितृपक्षात काकी मला जेवायला बोलवायची, पानावर वाढता वाढता विचारायची, “कावल्याला काय सांगतलास रं?” थट्टेत विचारल्यासारखं. मी हसायचो. तिला कुठवर कळलंय, कोणाकडून — आमच्या तुकडीतलं कोणी तिला भेटलं का — प्रत्येक घासाला हाच हिशेब.

शेवटी एकदा मी पिन शर्टाच्या खिशात घालून गेलो. तिची जमीन बिल्डरकडे गेली होती. आपल्याच शेतावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला ती राहायची. दारात खुर्ची टाकून बसली होती. मी समोर बसलो, आणि हात आपोआप खिशावर गेला.

“खिशात काय धरलंस?”

“काकी, एक सांगायचं होतं.”

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. कल्ले बघावे तसं, नीट.

“मला दावू नको,” ती म्हणाली. “कावल्याला सांगतलास ना, त्याच्याकरंच राहूं दे. इतकी वर्षां त्या पलीकडच्यांना शिव्या घालून काढली मी. आता नवा मानूस कुठशी आनू?” मग आत बघून सुनेला नव्हे — सून कुठली, शेजारच्या पोरीला — म्हणाली, “चा टाक गो, रम्या आलाय.”

मी तरीही सांगू शकलो असतो. तिने अडवलं होतं, तोंड दाबलं नव्हतं. पण मला हायसं वाटलं. खिशावरचा हात मी खाली घेतला.

चहा चांगला झाला होता. मी आणखी अर्धा कप मागून घेतला.